मधुमेह आणि हात धुण्याची सवय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

१५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन असतो आणि १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन. दोहोंत जेमतेम महिन्याचे अंतर आहे. मात्र दवाखान्यात मधुमेहाविषयी बोलताना पथ्य, गोळ्या, चालणे आणि पायांची निगा एवढ्यावर वेळ संपतो आणि हातांचा विषय सहसा निघत नाही. या वेळच्या टपालात मुंबईतील वाचकांची काही पत्रे नेमकी हातांविषयी होती. ती संक्षेपाने देऊन त्यांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी ५८ वर्षांची असून अनेक वर्षांपासून मला मधुमेह आहे. गोळ्यांसोबत रात्री इन्शुलिनही घेते. मे महिन्यात एका सकाळी नातवंडांसाठी आंबे कापून झाल्यावर, काहीही खाल्ले नसताना ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, तर ती २८६ आली. बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसले होते. घाबरून तासाभरात प्रयोगशाळेत रक्त दिले, तेथे १३४ आली. आमचे यंत्र बिघडले आहे का? यजमान म्हणतात, नवे घेऊ या.
– एक वाचिका, गिरगाव

उत्तर : यंत्र बिघडले असण्याची शक्यता मला कमी वाटते. बहुधा त्याने आपल्या बोटावरची आंब्याची साखर रक्तातल्या साखरेत धरून मोजली. हल्लीच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीला साधारणपणे अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त पुरते, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान थेंब. अशा अर्ध्या मायक्रोलिटरच्या थेंबात बाहेरून केवळ अर्धा मायक्रोग्रॅम ग्लुकोज मिसळले, तरी यंत्रावरचा आकडा १०० ने वाढतो. इतकी साखर डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला चिकटही लागत नाही, त्यामुळे हात स्वच्छ आहेत असे आपल्याला अगदी मनापासून वाटते.

जपानमधील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या स्वयंसेवकांना संत्रे, द्राक्षे आणि किवी ही फळे सोलायला सांगून, हात न धुता त्यांची साखर मोजली होती. द्राक्षे सोललेल्यांच्या बोटांवर ती ३०० च्याही पुढे गेली. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर आकडे पूर्ववत झाले. अल्कोहोलच्या बोळ्याने वारंवार पुसूनही ते पुरते उतरले नाहीत. याचे कारण सोपे आहे. साखर पाण्यात सहज विरघळते, अल्कोहोलमध्ये फारशी विरघळत नाही, त्यामुळे बोळा जंतू मारतो पण साखर बोटावर पसरवून ठेवतो. आपल्या बाबतीत हेच घडले असावे.

यात खरा धोका पुढच्या पावलात आहे. २८६ हा आकडा खरा मानून एखाद्याने त्या दिवशी इन्शुलिनची मात्रा स्वतःच वाढवली असती, तर मुळात १३४ असलेली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरून हातापायांना कंप, दरदरून घाम, गोंधळलेपणा आणि वेळीच लक्ष न दिल्यास बेशुद्धी येथवर मजल गेली असती. म्हणून अपेक्षेबाहेरचा कोणताही आकडा दिसला, की औषधाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत, कोरडे करावेत आणि दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासावे, ही सवय इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाने लावून घेतली पाहिजे. मात्र अंगाला कंप किंवा घाम सुटलेला असताना आकडा कमी आला, तर धुण्यात वेळ न दवडता आधी साखर तोंडात टाकावी.

धुण्याची पद्धत अशी : साबण आणि साधे किंवा किंचित कोमट पाणी घ्यावे. कोमट पाण्याने बोटांतला रक्तप्रवाह सुधारतो आणि थेंब सहज येतो. नंतर हात पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावर रक्त पाण्यात मिसळून पातळ होते आणि आकडा खोटाच, पण या वेळी कमी येतो. बोटाच्या गादीवर न टोचता कडेला टोचावे, आणि थेंब यावा म्हणून बोट दाबून पिळू नये. प्रवासात पाणी मिळालेच नाही, तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून टाकून दुसरा वापरावा. हा नाइलाजाचा मार्ग आहे, रोजचा नव्हे. आंब्याचेच निमित्त हवे असे नाही. मोदकांचे सारण, तिळगूळ, देवळातला केळ्याचा प्रसाद, गोळीची चांदी उघडताना लागलेला साखरेचा पाक, यांपैकी काहीही पुरेसे होते. काही वाचक दंडावर लावण्याचा सेन्सर वापरतात. त्यांना रोज बोट टोचावे लागत नसले, तरी सेन्सरचा आकडा संशयास्पद वाटून ग्लुकोमीटरवर पडताळताना हाच नियम लागू होतो.

ग्लुकोमीटरसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक साखर १०० च्या वर असताना प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेते. आपल्याकडचा फरक त्याच्या कितीतरी पलीकडचा आहे, तेव्हा धुतलेल्या हातांनी, प्रयोगशाळेत रक्त देण्याच्या वेळीच एकदा घरचे यंत्रही लावून पाहावे. दोन्ही आकडे जवळपास आले, तर यजमानांना नव्या यंत्राचा खर्च करू देऊ नये.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून भांडुपहून फोर्टला रोज लोकलने जातो. दोन वर्षांपासून मधुमेह आहे. कार्यालयात बेसिनपाशी साबण असतोच असे नाही, म्हणून डबा उघडण्यापूर्वी सॅनिटायझर लावतो. संध्याकाळी स्थानकाबाहेर वडापाव खाताना तेही राहून जाते. सॅनिटायझर पुरते का? आणि मधुमेह असलेल्याने इतरांहून अधिक काळजी घ्यावी, असे खरोखर काही कारण आहे का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की शरीराच्या संरक्षणाची पहिली फळी सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंकडे धाव घेण्यात आणि त्यांना गिळण्यात मंद होतात. म्हणजे लोकलच्या त्याच कडीवरून आपल्या आणि शेजारच्या प्रवाशाच्या हातावर सारखेच जंतू येतात. फरक पडतो तो ते शरीरात शिरल्यानंतर. साखर आटोक्यात असेल, तर हा फरक बराच कमी होतो, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे कारण अधिक व्यवहारातले आहे. दूषित हातांतून होणारे जुलाब, उलट्या, कावीळ किंवा विषमज्वर हे आजार कोणालाही त्रासच देतात, पण मधुमेहात ते सगळे गणित विस्कटून टाकतात. आजारपणाच्या ताणाने साखर वाढते, अन्न पोटात टिकत नाही, गोळ्या मात्र चालू राहतात आणि अंगातले पाणी कमी होत जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये अशा वेळी साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि मेटफॉर्मिनही अशा दिवसांत काही काळ थांबवावे लागू शकते. इन्शुलिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची, हे आपल्या डॉक्टरांकडून आजारी पडण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे.

आता सॅनिटायझर. त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असेल आणि तळहात भरून घेतलेले द्रव सुकेपर्यंत, म्हणजे सुमारे २० सेकंद, दोन्ही हातांवर सर्वत्र चोळले, तर ते पुष्कळ जंतूंवर चांगले काम करते. परंतु घाम, धूळ आणि तेलाचा थर असलेल्या हातांवर त्याचा प्रभाव घटतो, आणि उलट्या-जुलाबांना कारण होणाऱ्या नोरोव्हायरससारख्या काही विषाणूंवर ते साबणपाण्याइतके उपयोगी नाही. दाराशी लोंबकळत केलेल्या प्रवासानंतर हातांवर नेमका असाच थर असतो. औषधांच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानांत कागदी साबणाच्या चपट्या डब्या मिळतात. एक डबी बॅगेत ठेवली, की बेसिनपाशी साबण आहे की नाही याची काळजी उरत नाही.

दिवसभर प्रत्येक स्पर्शानंतर हात धुण्याची गरज नाही आणि ते मुंबईत शक्यही नाही. आपल्यापुरते मी चार प्रसंग पक्के करीन : डब्यापूर्वी, शौचालयानंतर, घरी पोहोचल्याबरोबर आणि साखर तपासण्यापूर्वी. या वेळी साबण लावून किमान २० सेकंद चोळावे. अंगठे, नखांच्या कडा आणि हातांची मागची बाजू घाईत हमखास सुटते. अंगठी असल्यास ती फिरवून तिच्याखालीही साबण न्यावा. शेवटी स्वतःच्या, आणि त्या दिवशीच्या, रुमालाने हात कोरडे करावेत, कारण ओल्या हातांवरून जंतूंची ने-आण अधिक होते. वडापावपुरते बोलायचे तर कढईतून नुकताच काढलेला वडा बहुतेक वेळा निर्धोक असतो. पाव आणि चटणी मात्र विक्रेत्याच्या हाताने येतात आणि शेवटी आपल्या हातून तोंडात जातात. यूपीआयमुळे हातांत सुट्या पैशांची देवघेव कमी झाली हे चांगलेच झाले, पण तिची जागा मोबाइलने घेतली आणि तो आपण शौचालयातही नेतो. तो वडापाव आठवड्यातून किती वेळा खावा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, म्हणून त्याचे उत्तर देत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या असून त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. स्वच्छतेच्या बाबतीत त्या फार काटेकोर आहेत. दिवसभरात अनेकदा कढत पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने हात धुतात. हल्ली त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलवटली आहे. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावले की चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. मासळीही त्याच साफ करतात.
– एक वाचिका, विक्रोळी

उत्तर : वर्णनावरून हा कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव आहे. सतत ओले राहणारे हात आणि मधुमेह एकत्र आले, की तो नेमक्या याच बेचक्यात वरचेवर दिसतो. तरीही त्वचारोगतज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहूनच निदान करावे. दुकानातून परस्पर आणलेल्या अशा मलमांत अनेकदा बुरशीविरोधी औषधाबरोबर स्टेरॉइडही मिसळलेले असते. त्याने खाज तत्काळ थांबते आणि बुरशी मात्र टिकून राहते. चार दिवसांनी पुन्हा तेच होण्याचा अर्थ बहुधा हाच असावा, तेव्हा ते मलम बंद करून त्याचे वेष्टन डॉक्टरांना दाखवावे.

सासूबाईंना हात कमी धुण्यास सांगण्यापेक्षा निराळ्या रीतीने धुण्यास सांगितले, तर त्या ऐकण्याची शक्यता अधिक आहे. भांड्यांचा साबण हातांसाठी नाहीच. त्याऐवजी सौम्य अंगाचा साबण वापरावा. धुतल्यावर बोटांची बेचकी एकेक करून टिपून कोरडी करावीत आणि हातांच्या मागच्या बाजूला खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. बेचक्यात मात्र ते लावू नये. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत, त्यांच्या आत घाम साठत असेल तर खाली पातळ सुती मोजे घालावेत. कढत पाणी पूर्णपणे बंद करावे. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतूंना इजा होऊन बधिरपणा प्रथम पायांत आणि पुढे काहींच्या हातांतही येतो, आणि मग पाणी भाजण्याइतके गरम आहे हे हाताला कळत नाही. पाणी कोपराने पाहावे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी पाहून द्यावे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला शेवटचे वाटले. सोललेली कातडी आणि मासळी यांची गाठ पडू देऊ नये. कोळंबी सोलताना, बोंबील किंवा सुरमई साफ करताना बारीक काटा लागणे ही कोळीवाड्यापासून फ्लॅटपर्यंत सर्वत्र रोजची गोष्ट आहे आणि निरोगी माणसाला तिचे काही वाटत नाही. परंतु समुद्राच्या पाण्यातले काही जिवाणू अशा जखमेतून शिरले, तर मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांमध्ये संसर्ग काही तासांतच हातभर पसरू शकतो. उष्ण प्रदेशांतील मधुमेहींमध्ये किरकोळ खरचटण्यातून किंवा नखुरड्यातून सुरू होऊन संपूर्ण हाताला व्यापणारा गंभीर संसर्ग वैद्यकाला चांगला परिचित आहे, भारतातही तो आढळतो, आणि उशीर झाल्यास बोटे गमवावी लागल्याची उदाहरणे आहेत. बेचके बरे होईपर्यंत मासळी दुसऱ्या कोणी साफ करावी. नंतरही काटा लागल्यास लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवावी. सूज, लाली, उष्णपणा, फोड किंवा ताप यांपैकी काही दिसले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बधिर हात दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहणे येथे उपयोगाचे नाही.

प्रश्न : आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. पाणी पहाटे थोडा वेळ येते, उरलेला दिवस पिंपातल्या पाण्यावर काढावा लागतो. आईला मधुमेह आहे. इतक्या कमी पाण्यात वरचेवर हात कसे धुणार?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : हात धुण्याला पाणी वाटते तितके लागत नाही. हात भिजवायला थोडे, साबण चोळताना मुळीच नाही आणि शेवटी धुऊन टाकायला पुन्हा थोडे, असे मिळून एक तांब्या पुरेसा होतो. अट एकच : हात पाण्यात बुडवू नयेत, पाणी हातांवर ओतावे. मोरीतल्या पिंपात टमरेल बुडवताना बोटेही बुडतात आणि मग दिवसभराचे सगळे पाणी त्या बोटांचे होते. शक्य झाल्यास तोटी बसवलेले झाकणाचे लहान पिंप मोरीच्या कट्ट्यावर ठेवावे, म्हणजे आईला कोणाच्या मदतीवाचून हात धुता येतील.

प्रश्न : जंतुनाशक साबण घ्यावा की साधा चालेल?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : साधा चालेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांतून वगळण्याचा निर्णय घेतला, कारण ते साध्या साबणापेक्षा अधिक उपयोगी असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही. साबण जंतूंना मारण्यापेक्षा त्यांना तेलकट थरासह सुटे करून पाण्याबरोबर वाहून नेतो, आणि काही विषाणूंचे स्निग्ध आवरणही फोडतो. वडी घरातील सर्वांनी मिळून वापरली तरी हरकत नाही. ती भोके असलेल्या साबणदाणीत ठेवून कोरडी राहू द्यावी. टॉवेल मात्र मधुमेह असलेल्या व्यक्तीचा वेगळा असावा, आणि पावसाळ्यात तो वाळत नसेल तर दोन ठेवून आलटून-पालटून वापरावेत.