पॅलेस थिएटर कुणासाठी होतं?

प्रश्न : कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून आमच्या घरात वाद चालू आहे. जुनी माणसं त्याला पॅलेस थिएटर म्हणायची. म्हणजे ते राजघराण्यातल्या मंडळींसाठीच बांधलं होतं का? केशवरावांचं नाव त्याला कधी दिलं? आणि नव्यानं बांधायचंच आहे तर जुन्या नमुन्याचा आग्रह कशाला, सगळ्या सोयींचं आधुनिक सभागृह का नको?
– एक वाचक, कराड

उत्तर : मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केलेला माणूस. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर जास्त बोलणार, हे आधीच सांगतो.

राजघराण्यासाठी होतं का? नाही. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना लागून आहेत, यातच उत्तर आलं. मैदान १९१२ चं. नाट्यगृहाचं काम १९१३ ला सुरू झालं आणि १९१५ ला पुरं झालं. दोन्ही बांधून घेतली राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ मध्ये ते युरोपला गेले होते, तेव्हा त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं आणि त्यावरून मैदानाची कल्पना घेतली, हे कोल्हापुरात कुणीही सांगेल. जुना राजवाडा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दरबारापुरतंच नाटक हवं असतं तर वाड्यातला एखादा चौक पुरला असता. महाराजांनी नाटकाला कुस्तीच्या शेजारी नेऊन बसवलं. पेठेतला माणूस कुस्तीला जसा हक्कानं येतो तसा नाटकालाही यावा, असा मी त्याचा अर्थ लावतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

त्या काळी नाटक कंपन्या पडदे, पेट्या, आचारी, सगळं बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायच्या. कित्येक गावांत तात्पुरत्या मांडवात खेळ लागायचे. अशा दिवसांत संस्थानच्या एका लहानशा शहराला पक्कं, मोठ्या रंगमंचाचं नाट्यगृह मिळालं. त्याच गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगवत होते. पडद्यावरचे महाल आणि अरण्यं रंगवणारे बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले. त्यांचा 'सैरंध्री' १९२० चा. कोल्हापूरचा चित्रपटधंदा उभा राहिला त्यात या पडद्यांच्या रंगाचा वाटा मोठा आहे, हे फारसं कुणी बोलत नाही.

आता नावाचं. संगीतसूर्य केशवराव भोसले कोल्हापूरचेच, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणी 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं गाजले. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, तेव्हा वय अवघं सतरा. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमान' या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला, म्हणजे केशवरावांची आणि बालगंधर्वांची अशा दोन कंपन्यांनी मिळून केलेला. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत, ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वरानं गेले. एकतिसाव्या वर्षी! १९५७ मध्ये पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. कलावंत त्या दिवशी जळक्या भिंतींपुढे उभे राहून रडले. त्याबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही.

तर मग जुना नमुना कशाला? आवाजासाठी. केशवराव गायले ते मायक्रोफोनशिवाय. पल्लेदार तान शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची ती गळ्याच्या जोरावर आणि वास्तूच्या मदतीनं. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात, खालच्या अंगाला बसतात. तिथं बसलं की गायकाचा आवाज आपल्या डोक्यावरून प्रेक्षकांत जातो आणि क्षणभरानं मागच्या भिंतीकडून परत येतो. तो किती उशिरानं आणि किती भरून येतो, यावर साथीदाराला ऑर्गनचा पायानं चालणारा भाता सांभाळावा लागतो. चांगल्या नाट्यगृहात पाय हलका ठेवला तरी सूर उभा राहतो. वाईट सभागृहात गायक सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठतो तरी मागची तान अजून घुमतच असते. मग तो गाणं आखडतं घेतो, पट्टी उतरवतो, शेवटी माईकला चिकटून उभा राहतो. अभिनय तिथंच संपतो. गुळगुळीत भिंती, खोटं छत आणि चकचकीत फरशी असलेली अशी बहुउद्देशीय सभागृहं आपल्याकडे गावोगाव झाली आहेत. तिथं व्याख्यानसुद्धा धड ऐकू येत नाही. वक्त्याचं एक वाक्य दुसऱ्यावर चढतं.

म्हणून माझा आग्रह दर्शनी कमानीपुरता नाही. दगडी भिंती आणि बाहेरचं रूप जपायलाच हवं, पण आतली उंची, रुंदी, छताचा उतार आणि लाकडाचं प्रमाण हेही जुन्या मापांना धरून हवं. बाकीच्या सोयींना माझी हरकत का असेल? स्वच्छ मेकअप रूम, स्त्री कलाकारांसाठी वेगळी व्यवस्था, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, सगळं हवं. आगीच्या बाबतीत तर जुन्याचा मोह अजिबात नको. रंगमंच म्हणजे कापड, लाकूड, रंग आणि तापलेले दिवे एकाच जागी. तिथली वायरिंग, पाण्याचे फवारे, रंगमंचावरचा धूर वर निघून जायची वाट आणि प्रेक्षागृहापासून रंगमंच तोडणारा अग्निरोधक पडदा यांत एक रुपयाही वाचवू नये. वातानुकूलन जरूर असावं, फक्त त्याची घरघर विलंबित आलापाच्या मधे येता कामा नये.

आणि एक गोष्ट कंत्राटाच्या कागदावरच लिहून घ्यावी. खुर्च्या ठोकण्याआधी एका गायक नटाला मोकळ्या रंगमंचावर उभं करावं, माईक न देता एक नाट्यपद म्हणायला लावावं आणि बांधणाऱ्यांनी शेवटच्या रांगेच्या जागी उभं राहून ते ऐकावं. शब्द न शब्द कळला नाही तर छताला पुन्हा हात घालावा. खुर्च्या बसल्यावर ते काम कुणी करत नाही.