आठवीत चित्रकला सुरू केली, तर उशीर झाला का?

कराडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा आठवीत आहे. मोबाइलवर बघून जपानी कार्टूनमधली पात्रं काढत बसतो आणि आता चित्रकलेचा क्लास लावायचा म्हणतो. वर्गातली काही मुलं तिसरी-चौथीपासून क्लासला जातात, मग हा मागे पडेल का? सामानावर किती खर्च करायचा? यात पुढे काही आहे का? शेवटी जाता जाता एक ओळ : ‘मलाही पेटी शिकायची होती, पण आता चाळिशी उलटली.’

ताई, सप्रेम नमस्कार.

उशीर अजिबात झालेला नाही. तिसरीपासून क्लासला जाणाऱ्या बऱ्याच मुलांचा वेळ छापील चित्रं रंगवण्यात जातो. समोरची वस्तू बघून काढायचा सराव बहुतेकांचा एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेच्या तयारीतच सुरू होतो, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयात.

त्याची कार्टून बंद करू नका. त्यातून हाताला वळण लागतं, रेघेची भीती जाते. मात्र त्यात एक उणीव राहते. मोबाइलवरच्या चित्रात कुठली रेघ ठेवायची आणि कुठली गाळायची, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. खरी वस्तू समोर आली की ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि शिकायचं असतं ते हेच.

आज घरातला तांब्या पाटावर ठेवा आणि त्याला काढायला सांगा. तोंड गोल असतं हे त्याला माहीत आहे, म्हणून तो बहुधा पूर्ण गोल काढेल, आणि तळ जमिनीला टेकलेला म्हणून खाली सरळ रेघ मारेल. मग त्याला म्हणा, जागेवरून न हलता नीट बघ. किंचित वरून बघताना तोंड वरून-खालून दबलेलं, आडवं लांबट दिसतं. तळाची कडही सरळ नसते, बाक घेऊन येते, आणि तोंडाच्या कडेपेक्षा थोडी जास्तच गोलाईने. मधोमध फिकी उभी रेघ आखली की डावी-उजवी बाजू सारखी आली की नाही ते लगेच कळतं. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसतं तेच काढायला जमू लागलं, की निम्मं काम झालं. या टप्प्यावर चित्रं आधीपेक्षा वाईट दिसतात आणि पुष्कळ मुलं इथेच सोडून देतात. त्याला हे आधीच सांगून ठेवा आणि घरात कुणी त्याच्या चित्राची दुसऱ्याच्या चित्राशी तुलना करू नका.

सामान थोडकंच घ्या. एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली, एक खोडरबर, एक साधी चित्रवही. पोस्टर कलर संकल्पचित्राला, म्हणजे नक्षी-डिझाइनच्या चित्राला, लागतील तेव्हा घेता येतील. महागड्या कागदावर मूल जपून, घाबरून काढतं. पाठकोऱ्या कागदांवर मात्र बिनधास्त चालतं.

परीक्षेचं म्हणाल, तर यंदा एलिमेंटरी आणि नववीत तिच्या पुढची इंटरमिजिएट, असा क्रम ठेवता येईल. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, बीला ५ आणि सीला ३. मिळाले तर उत्तमच. पण केवळ या गुणांसाठी त्याला बसवू नका, नाहीतर ठरावीक दोन-तीन स्मरणचित्रं (आठवणीतून काढायची चित्रं) पाठ करून घेण्यावरच सगळं येऊन थांबतं. क्लास निवडताना भिंतीवर लावलेली चित्रं बघू नका. नवीन मुलांच्या पहिल्या महिन्यातल्या वह्या दाखवा म्हणावं. सगळ्यांच्या वहीत एकच डोंगर आणि एकच झोपडी असेल, तर दुसरा क्लास बघा.

पुढे काय, याचं उत्तर आज ठरवायची गरज नाही, पण वाटा आहेत. बारावीनंतर बी.एफ.ए. या कलेच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. तिथेही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे विषय असतात, म्हणजे आत्ताची मेहनत वाया जात नाही. उपयोजित कला (जाहिरातीसारख्या कामांची), रंगकला, शिल्पकला, टेक्स्टाइल असे फाटे तिथे फुटतात. प्रॉडक्ट डिझाइन किंवा अ‍ॅनिमेशनकडे ओढ असेल तर डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती युसीड ही प्रवेश परीक्षा आहे, आणि त्यातही हाताने चित्र काढावं लागतं. दहावीपर्यंत त्याची गोडी टिकली तर तेव्हा मला पुन्हा लिहा. आणि पुढे तो वकील किंवा शेतकरी झाला, तरी शिकलेलं बघणं त्याच्याजवळ राहीलच.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीविषयी. तुम्ही ती सहज लिहिलीत, पण मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. चाळिशीत पेटी शिकता येते, आणि गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षा मोठ्या वयाची माणसंही देतात. सुरुवातीला अडतं ते हवा भरणारा भाता चालवणाऱ्या डाव्या हाताला. प्रत्येक सुराला भाता जोरात दाबला की आवाज तुटतो. तो सावकाश, एकसारखा चालवत नुसता ‘सा’ धरून बसा. सूर थरथरला नाही की रे, ग, मकडे जा. सोबत गायचं असेल तर शिक्षकांकडून आधी आपली पट्टी, म्हणजे आपल्या गळ्याला कुठला ‘सा’ सोयीचा ते, काढून घ्या. बायकांची बहुतेकदा काळी चार-पाचच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या बटणाच्या, आसपास येते.

पेटी लगेच विकत घेऊ नका, पहिला महिना शिक्षकांच्याच पेटीवर बसा. नंतर जुनी घ्यायची झाली, तर एकही बटण न दाबता भाता भरा आणि थांबा. हवा भसकन निघून गेली तर ती पेटी घेऊ नका.