दहावीतला मुलगा आणि अंथरुणावरचे वडील, दोघांना मी एकटी कशी पुरी पडू?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे, पक्षाघातानंतर अंथरुणावर. मुलगा दहावीत, नोकरी सोडणं परवडत नाही आणि भाऊ फोनवर "काही लागलं तर सांग" म्हणतो.

हे वाक्य मीही चार वर्षं ऐकलं. सासूबाईंना विस्मरण सुरू झालं तेव्हा मुलगी सहावीत होती. मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. लोकल गाठायच्या आधी सासूबाईंची आंघोळ, गोळ्या, मुलीचा डबा. ब्यूरोकडून ठेवलेली, सासूबाईंना सांभाळणारी बाई आली नाही की माझी रजा. सगळं सुरळीत चाललं होतं, पण ते चालायचं कसं हे फक्त मला ठाऊक होतं.

मग एका पावसाळ्यात मला डेंगी झाला. सहा दिवस दवाखान्यात होते. घरी रक्तदाबाची गोळी सकाळी दिली गेली, रात्रीही दिली गेली. सासूबाई पहाटे उठताना चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडलं. नवऱ्याने कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. ते मनगट आठवलं की अजून पोटात कालवतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: तुम्ही धडधाकट आहात तोवरच तुमच्या जागी उभं राहील असं माणूस तयार करा. गोळ्या, वेळा, डॉक्टर, कूस कधी बदलायची, सगळं वहीत उतरवा आणि एक रविवार त्या वहीवरून दुसऱ्या कुणाला करू द्या. तुम्ही घरातच असा, पण हात लावू नका.

भावाला नेमकं काम सांगा. "मदत करा" म्हटल्यावर माझे दीर हललेच नाहीत. "भाऊजी, ब्यूरोचे पैसे दरमहा तुम्ही भरा आणि दिवाळीनंतर आठ दिवस इथे येऊन राहा" म्हटल्यावर आले. सासूबाईंना त्यांच्याकडे नाशिकला न्यायला मात्र मी नकार दिला. जागा बदलली की त्या फार घाबरायच्या.

वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरची. बाईचा पगार आणि डायपर घरखर्चातूनच जातात, तेव्हा भावाशी पैशांचं बोलताना हेच दोन आकडे समोर ठेवा. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो. त्यासाठी रजा घालवू नका.

आणि मुलगा. आजोबांजवळ त्याने रोज थोडा वेळ बसावं, पेपर वाचून दाखवावा. पण रात्रीचं उठणं त्याच्यावर टाकू नका. मी मुलीवर टाकलं होतं. तिने एकदाही कुरकुर केली नाही, आणि सहामाहीत गणितात नापास झाली तेव्हा मला कळलं की ती रोज पहाटे तीनपासून जागी असायची.