सिंगापूरचा अ‍ॅवॉर्ड (लवादाचा निवाडा) विरोधात गेलाय. पुण्यात दुर्लक्ष केलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय, चाकणला कारखाना आहे, सिंगापूरच्या आर्बिट्रेशनला, म्हणजे कोर्टाबाहेरच्या लवादाला, 'गेलोच नाही', आणि आता अ‍ॅवॉर्ड आलाय. चालत नाही. आमचे हात पोळलेत म्हणून सांगतो.

भोसरीत आमचं टर्निंगचं काम, मी आणि दादा भागीदार. एका जर्मन गिऱ्हाइकाने दोन लॉट रिजेक्ट केले, दादाने पुढचा माल अडवून धरला. वाद झाला तर सिंगापूर, हे करारात शेवटून दुसऱ्या पानावर होतं. वाचलं कुणी? ऑर्डर मोठी होती, सह्या ठोकल्या. नोटीस आली तेव्हा मी म्हटलं वकील लावू. दादा म्हणाला, "तिकडे कोण जातंय? हिंमत असेल तर येऊ देत शिवाजीनगर कोर्टात."

आले. पण शिवाजीनगरला नाही, थेट मुंबई हायकोर्टात. लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर परदेशी अ‍ॅवॉर्डच्या अंमलबजावणीचा अर्ज तिथेच जातो, म्हणजे दादाचा ओळखीचा वकील घरीच.

मग दादाच्या शंका सुरू. अ‍ॅवॉर्डला स्टँप ड्यूटी भरलेली नाही! परदेशी अ‍ॅवॉर्डला ती लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ लाच सांगितलंय. दोन वर्षं झाली, मुदत गेली! अंमलबजावणीच्या अर्जाची मुदत तीन वर्षांची आहे, सुप्रीम कोर्टाचा २०२० चा वेदांता निकाल. शेवटचा हुकमी एक्का: आम्हाला नोटीसच नीट मिळाली नाही. समोरच्या वकिलाने शांतपणे कुरिअरची पावती काढली. आमचा शिक्का, खाली दादाची सही.

माल चांगला होता की वाईट, हे कोर्टाने ऐकलंच नाही. ऐकणारही नाही, अंमलबजावणी कधी नाकारता येते हे सांगणाऱ्या लवाद कायद्याच्या कलम ४८ मध्ये तेवढी जागाच ठेवलेली नाही. अ‍ॅवॉर्ड मान्य झाला की तो त्या कोर्टाचा हुकूमनामाच समजतात. आमचं करंट खातं गोठलं, तेही पगाराच्या आठवड्यात. मूळ रक्कम, व्याज, वर त्यांच्या वकिलांचा खर्च. शेवटी तडजोड केली. उगाच ताणूही नका. विजय कारिया प्रकरणात सुप्रीम कोर्टाने परदेशी अ‍ॅवॉर्डविरुद्धचं अपील फेटाळताना ५० लाखांचा खर्च लादला होता.

दादा अजून दर दिवाळीला म्हणतो, वकील कच्चा निघाला. पावतीवर सही करायला वकील आला नव्हता, दादा.

हां, तुमचं थोडं वेगळं असू शकतं. अ‍ॅवॉर्ड हातात पडून तीन महिने झाले नसतील तर तो रद्द करायला सिंगापूरच्याच कोर्टात जाता येतं, तारीख आजच बघा. आणि नोटीस खरोखर मिळाली नसेल तर कलम ४८ तुमच्या बाजूने आहे. पण ते कोर्टात म्हणण्याआधी गेटवरचं इनवर्ड रजिस्टर स्वतः उघडून बघा.