मुळं अभ्यासून पोट भरतं का?

मी करिअरचं समुपदेशन करते. मे-जून आला की दादरच्या माझ्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. कोणाची मुलगी बॉटनीला असते, कोणाचा मुलगा मातीतल्या जिवाणूंवर काम करायचं म्हणतो, आणि आईवडील विचारतात, "मॅडम, यात स्कोप आहे का?" यंदा तो इतक्या वेळा ऐकला की एका बापलेकीची गोष्ट लिहायला घेतली. दोघांना विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे. भेटी सहा झाल्या, इथे त्यातलं मोजकंच.

वडील महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले. ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवून एकेका वस्तीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिला मुळांवर संशोधन करायचं होतं.

"मुळांवर!" ते म्हणाले. "झाडांवर म्हणाली असती तरी समजलो असतो. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावून देतो म्हटलं तर रडते. तुम्हीच समजवा हिला."

मी तिला विचारलं, "मुळंच का गं?" तिने मोबाइल पुढे केला. काचेच्या ग्लासात टिपकागदाला चिकटवलेला मोड आलेला हरभरा. सकाळी तिने ग्लास आडवा करून ठेवला होता. संध्याकाळच्या फोटोत मुळाचं पांढरं टोक पुन्हा जमिनीकडे वळलेलं. "टोकातल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते तळाशी बसतात, त्यावरून मुळाला खाली कुठे ते कळतं," एवढं बोलून ती गप्प झाली. वडिलांनी फोटोकडे पाहिलंच नाही.

त्या दिवशी मी माहिती दिली, आणि ती द्यायलाच हवी. एम.एस्सी.साठी गॅट-बी, जॅम, सीयूईटी-पीजी या परीक्षा आहेत. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये, नंतर 42,000, शिवाय घरभाडं. पीएच.डी. घरच्या पैशांवर करावी लागेल अशी धास्ती घेतलेल्या कितीतरी पालकांना हे ठाऊकच नसतं. काम कुठे चालतं, तेही सांगितलं. भाताला स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की त्याचे मूलरोम, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, लांब कसे होतात, हे 2018 साली दाखवणाऱ्यांत दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट जीनोम रिसर्चचे शास्त्रज्ञ होते. बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, उष्णता अशा पिकांवरच्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट, कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. आपल्या ट्रॉम्ब्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाचे वाण काढलेत. खासगीत बियाणं, जैविक खतं, ठिबक सिंचन, पण ते बहुतेक जालना-जळगावकडे. कडू भागही लपवला नाही. कायम शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या असतात, एम.एस्सी.नंतर तिथवर पोचायला आठ-दहा वर्षं सहज जातात, आणि मुंबई बहुधा सोडावी लागते.

त्यांनी मान डोलावली. पुढच्या भेटीत "तुम्हीच समजवा हिला" हेच वाक्य पुन्हा, तसंच्या तसं.

काळजीच्या मागे एक वाक्य असतं आणि ते सापडल्याशिवाय काळजी हलत नाही, असं मी मानते. इतक्या वर्षांत त्यासाठी मी एक अक्षर ऐकायला शिकले आहे: च. "बोला, तिला काय मिळायला हवं?" मी म्हटलं.

"नोकरी कायमचीच हवी. मुंबईतच हवी. आणि शिक्षण झालं की लगेचच हवी."

मी कागदावर तीन च काढून तो त्यांच्यासमोर ठेवला. "यातला कुठला खोडला तर रात्री झोप लागेल?"

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. खाली टिळक पुलावरचे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाले, "चौथा राहिला, मॅडम. माझ्या मुलीचं काम मला समजायलाच हवं. चाळीत विचारतात, पोरगी काय करते? मी काय सांगू?"

मुलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. तिला वाटत होतं, बाबांना तिच्या कामाची किंमत नाही. त्यांना तर लेक आपल्या समजेच्या पलीकडे निघून जाईल याची भीती होती. जेआरएफचे आकडे तिथवर पोचणारच नव्हते. हे उमगलं तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

पुढच्या भेटीला मी तिला मार्कशीट नको म्हटलं, जिथे काम करावंसं वाटतं तिथला एक फोटो आणायला सांगितला. तिने इक्रिसॅटचा आणला. जमिनीत ओळीने उभ्या केलेल्या, मातीने भरलेल्या नळ्या आणि प्रत्येकीत एकेक रोप. वडिलांनी चष्मा चढवला.

"हे पीव्हीसी आहे."

"हो, बाबा."

"किती इंची?"

"वीस सेंटीमीटर."

"म्हणजे आठ इंची. आणि करतात काय यांचं?"

मग ती बोलत सुटली. नळी साखळीने उचलून वजन करायचं, वजन घटलं तेवढं पाणी झाड प्यायलं. 2011 साली हरभऱ्यावर तिथून आलेलं काम असं की, नुसती खोल किंवा दाट मुळं असून भागत नाही. जी रोपं सुरुवातीला हात राखून पाणी पितात, त्यांना घाटे भरताना ते पुरतं आणि दुष्काळात तीच तगतात.

"म्हणजे किती सोडलं यापेक्षा कधी सोडलं," ते म्हणाले.

तीस वर्षं चावी फिरवणाऱ्या माणसाने हरभऱ्याचं मूळ एका वाक्यात सांगितलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

नंतर "लगेचच" त्यांनी स्वतः खोडला, "मुंबईतच" दोन भेटींनी. "कायमचीच" अजून आहे, असू दे. मुलीचाही एक च होता, "इक्रिसॅटलाच". त्यावरही बोललो. ठरलं असं की आधी एम.एस्सी., नेटचे तीन प्रयत्न, नाही जमलं तर प्रोजेक्ट असोसिएट, म्हणजे संशोधन प्रकल्पावरची मुदतीची नोकरी, किंवा बियाणे कंपनी. बँकेचा विषय तोपर्यंत बंद.

पालकांना मी हल्ली म्हणते, स्कोप विचारू नका, मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती कुठे असेल, हातात काय असेल ते तिला विचारा. मुलांना सांगते, अर्ज भरण्याआधी एक कुंडी भिजवा, रोप अलगद काढा आणि चाळणीवर बारीक धार सोडून मुळं धुऊन बघा. मूळ तुटू न देता एक रोप धुवायला तास जातो. तास संपल्यावर दुसरी कुंडी घ्यावीशी वाटली तर माझ्याकडे या.

शेवटच्या भेटीनंतर दोघं जिना उतरत होती. वडिलांचा आवाज वरपर्यंत येत होता. "त्या नळ्या तळाला बंद असतात का गं? मग जास्तीचं पाणी जातं कुठे?"

"माहीत नाही, बाबा. विचारून सांगते."