एक बँड म्हणजे शुद्धता नव्हे

प्रिय,

प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या तुझ्या जेलचा फोटो पाहिला. नागाच्या विषातलं कार्डिओटॉक्सिन हे प्रथिन, 7 किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास एकच बँड, म्हणजे एकच पट्टी, आणि तरी लेसिथिन हे लिपिड फुटतंय. हे टॉक्सिनच एन्झाइमचं काम करतं का, असं विचारतोस. आधी हिशोब कर.

जेलवर 2 मायक्रोग्रॅम प्रथिन चढवलंस. त्यात 1 टक्का फॉस्फोलिपेज ए2, म्हणजे विषातलंच लेसिथिन फोडणारं एन्झाइम, असेल तर ते होतं 20 नॅनोग्रॅम. जेलवरची प्रथिनं दाखवणाऱ्या कूमासी रंगात ते सहज हरवतं. पण पेशींवर मिलीलिटरला 10 मायक्रोग्रॅम टॉक्सिन घातलंस की त्यासोबत 100 नॅनोग्रॅम फॉस्फोलिपेज जातं, आणि एन्झाइमचा रेणू एकदाच काम करून थांबत नाही. त्यात टॉक्सिन पेशीचं पटल सैल करतं, म्हणजे एन्झाइमला कुरण आयतंच मिळतं. कार्डिओटॉक्सिनच्या नावावर छापलेले कितीतरी परिणाम पुढे या भेसळीचे निघाले. एक बँड म्हणजे शुद्धता नव्हे!

भेसळ शिरते जेल फिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करताना. फॉस्फोलिपेजच्या 13-14 किलोडाल्टनच्या शिखराची शेपटी तुझ्या शिखराच्या चढत्या कडेत मिसळते, आणि उत्पादन वाढावं म्हणून ती कड तू गोळा केलीस. टाकून दे. पुढे कॅटायन एक्सचेंज (विद्युतभारानुसार वेगळं करणं), मग सी18 (पाण्यापासून दूर राहण्याच्या गुणानुसार वेगळं करणारा स्तंभ). सी18 वर वापरतात त्या ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लात फॉस्फोलिपेज मेलं असेल असं धरू नकोस. सात डायसल्फाइड बंधांचं ते चिवट प्रथिन आहे.

मग पॅरा-ब्रोमोफेनॅसिल ब्रोमाइड. ते फॉस्फोलिपेजच्या सक्रिय जागेतल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाला बांधतं आणि एन्झाइम बंद पाडतं. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून घाल, आणि दुसऱ्या, कंट्रोलच्या नळीत नुसतं अ‍ॅसिटोन. नंतर उरलेलं रसायन काढायला डायलिसिस, पण नेहमीची 12-14 किलोडाल्टनची नळी घेतलीस तर टॉक्सिनच बाहेर जाईल, 3.5 ची घे. एन्झाइमला लागणारं कॅल्शियम ईडीटीए या रसायनाने काढून घेणं सोपं, पण ते फक्त लिपिडच्या चाचणीत. पेशींवर ईडीटीए स्वतःच उपद्व्याप करतं.

शेवटी टॉक्सिन दहापट घेऊन, कॅल्शियमसह, तासभर लिपिडवर ठेव; ते फुटलं तर भेसळ उरली आहे. जेलपेक्षा ही चाचणी कितीतरी तीक्ष्ण. हट्टी म्हणतात मला, म्हणोत. या एका टक्क्यापायी माणसं वर्षं घालवतात आणि वर त्याचं समर्थनही करतात.

एक बँड म्हणजे शुद्धता नव्हे, हे तिसऱ्यांदा लिहायला लावू नकोस. आणि कंट्रोलच्या नळीवर तारीख घाल. फोटोत दिसली नाही.