पोहणाऱ्या मुलीची आई

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. तेव्हापासून बडोद्यातले पालक मला एकच गोष्ट विचारतात: शाळेच्या टीममधून पोहणाऱ्या मुलाला थांबवावं का?

दांडिया बाजारातल्या एका आईचंही हेच होतं. मुलगी तेरा वर्षांची, फ्रीस्टाइलमध्ये तरबेज. सराव संपेपर्यंत आई पोहण्याच्या तलावाच्या कडेला उभी, आणि मुलगी त्यावर चिडलेली.

"भिऊ नका" असं मी कुणालाच सांगत नाही. भीतीला काम द्यावं, ही माझी पद्धत. त्यांना म्हटलं, शाळेत जाऊन विचारा: सर वेळ मोजत असतात तेव्हा फक्त पाण्यावर नजर कोणाची? कृत्रिम श्वास द्यायला कोणाला येतं? वीज कडाडली की मुलं लगेच बाहेर काढतात का? उत्तरं चांगली मिळाली. तरी आईला झोप नव्हती.

मग मी मुलीला बोलावलं. "मध्येच थांबावंसं वाटलं तर काय करतेस?"

"थांबत नाही. श्वास रोखून पाण्याखालून पूर्ण लांबी जायचं असतं. एकजण वर आला तर सगळ्यांना परत करावं लागतं."

"मग जमतं कसं?"

"आधी भराभर श्वास घेते. दम टिकतो."

आई तिच्याकडे बघतच राहिली. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घ्यायची निकड मुख्यतः त्याच्यामुळे जाणवते. ती उशिरा जाणवली की पोहणारा आवाज न करता बेशुद्ध होऊ शकतो, आणि यात चांगले पोहणारेही सापडतात. तेव्हा मला उलगडलं: आईला पाण्याची भीती होती, मुलीला थांबण्याची. खरा धोका दुसरीत होता.

"ताई, मला हे कधी विचारायचं सुचलंच नाही," आई म्हणाल्या. मुलीनं पहिल्यांदाच त्यांचा हात धरला.

दोघी मिळून सरांना भेटल्या. बोलली मुलगी. श्वास रोखायची शर्यत आणि सामूहिक शिक्षा बंद झाली.

"सगळं नीट आहे ना?" असं विचारलंत तर मूल "हो"च म्हणणार. थांबल्यावर काय होतं, ते विचारा. उत्तरात शिक्षा आली, तर पुढच्या सरावाआधी सरांना भेटा आणि मुलाला सोबत न्या.